पहिल्या सामन्याचा मान

मित्रहो, सुरुवात एका हिशेबाने करतो.

विश्वचषक फुटबॉलमध्ये १९७४ ते २००२ या काळात एक रिवाज होता. स्पर्धेचा पहिला सामना गतविजेत्यांनी खेळायचा. चार वर्षांपूर्वी ज्यांनी करंडक उचलला, त्यांनीच पडदा उघडायचा. असे आठ सामने झाले. या आठ सामन्यांत जगज्जेत्यांच्या खात्यावर गोल किती? चार. त्यातलाही एक १९९८ साली स्कॉटलंडच्या टॉम बॉइडच्या अंगाला लागून स्कॉटलंडच्याच जाळ्यात गेला होता. म्हणजे स्वतः केलेले तीन. आठ सामने, ७२० मिनिटं, तीन गोल. जिंकले दोन, बरोबरी तीन, हरले तीन. आणि हे संघ कोणते? ब्राझील, जर्मनी, अर्जेंटिना, इटली, फ्रान्स. फुटबॉलमधली सगळी बडी घराणी.

मला आज बोलायचं आहे ते या मानाबद्दल. पंगतीत पहिलं पान कुणाचं, यावरून आपण भांडतो. पण त्या पानावर बसलेल्याचं जेवणाकडे लक्ष नसतं, तसं काहीसं इथे होतं.

रिवाजाच्या आधीपासून बोलू. पहिल्या काही स्पर्धांत बहुतेक वेळा पहिल्या दिवशी एकाच वेळी अनेक सामने सुरू व्हायचे. १९५०चा माराकानावरचा ब्राझील-मेक्सिको सामना किंवा १९३८चा पॅरिसमधला, असे अपवाद. १९६६पासून मात्र इतर सगळ्यांच्या आधी एकच सामना, ही प्रथा पक्की झाली. आणि प्रथा पक्की झाली तीच मुळी शून्यावर. १९६६, वेम्ब्ली, इंग्लंड-उरुग्वे: ०-०. १९७०, मेक्सिको-सोव्हिएत संघ: ०-०. १९७४, फ्रँकफर्ट, ब्राझील-युगोस्लाव्हिया: ०-०. १९७८, ब्यूनोस आयर्स, पश्चिम जर्मनी-पोलंड: पुन्हा ०-०. शेवटी १९८२मध्ये बार्सिलोनाला बेल्जियमच्या एर्विन वांडेनबर्गने ६२व्या मिनिटाला अर्जेंटिनावर गोल केला, तेव्हा कुठे कोंडी फुटली. चार पूर्ण सामने आणि वर ही ६२ मिनिटं मिळवा: ४२२ मिनिटं. सोळा वर्षं सगळं जग दर चार वर्षांनी नटूनथटून पहिला सामना बघायला बसायचं आणि गोल न बघताच उठायचं!

असं का व्हायचं? सोपं कारण गुणांच्या हिशेबात आहे. तेव्हा साखळीत विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक. बरोबरी केली म्हणजे निम्मा विजय पदरात. तीन सामन्यांच्या साखळीत पहिलाच हरलात तर पुढच्या दोन्हींत जीव मुठीत धरून खेळायचं. हरणं महाग आणि जिंकण्याला भाव कमी, असा तो बाजार होता. शिवाय तेव्हा बचावपटूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक खुशाल हातात उचलू शकत असे. वेळ काढायची असेल तर मागे द्या, उचला, दोनदा आपटा, पुन्हा द्या. ती सोय १९९२मध्ये बंद झाली आणि १९९४च्या विश्वचषकापासून विजयाला तीन गुण आले. १९७८नंतर पहिला सामना एकदाही गोलशून्य सुटलेला नाही. पण सगळं श्रेय नियमांना देऊ नका. ८२, ८६, ९० या तिन्ही वेळा नियम जुनेच होते आणि गोल झालेच. फक्त ते बहुधा भलत्याच बाजूने झाले!

नियमांचा विषय निघालाच आहे तर जरा मागे जाऊ, १३ जुलै १९३०ला, मॉन्टेव्हिडिओत. पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. मुख्य मैदान म्हणजे सेन्टेनारिओ अजून तयार नव्हतं, म्हणून एकाच वेळी दोन लहान मैदानांवर दोन सामने. त्यातल्या पोसितोस मैदानावर फ्रान्स-मेक्सिको. दक्षिण गोलार्धातला जुलै, म्हणजे ऐन हिवाळा. फ्रान्सचा संघ बोटीने दोन आठवड्यांचा प्रवास करून आलेला; खुद्द करंडक आणि फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे त्याच बोटीवर. १९व्या मिनिटाला ल्युसियाँ लोराँ याने उजवीकडून आलेला चेंडू वरच्या वर मारून जाळ्यात घातला. विश्वचषकातला हा पहिला गोल. पुढे लोराँने आठवण सांगितली ती अशी की कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही; हात मिळवले आणि पुन्हा खेळायला लागलो. आपण इतिहास घडवतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पण मला त्या सामन्यातला दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. गोलनंतर थोड्याच वेळात फ्रान्सचा गोलरक्षक अलेक्स तेपो याच्या जबड्यावर लाथ बसली आणि त्याला मैदान सोडावं लागलं. बदली खेळाडू? तसली भानगडच नव्हती. ओग्युस्तँ शांत्रेल नावाचा मधल्या फळीतला गडी गोलात जाऊन उभा राहिला, बाकीचे नऊ जण पुढे खेळले, आणि फ्रान्सने सामना ४-१ असा जिंकला. आता चाळीस वर्षं पुढे या. १९७०, मेक्सिको सिटी, अझ्टेका मैदान, तोच उद्घाटनाचा सामना. मध्यंतराला सोव्हिएत संघाने सेरेब्र्यानिकोव्हला बसवून पुझाचला उतरवलं. विश्वचषकातली ही पहिली बदली. ज्या प्रकारच्या सामन्यात गोलरक्षकाविना अडलं होतं, त्याच प्रकारच्या सामन्यात चाळीस वर्षांनी सोय झाली.

पिवळं कार्डही विश्वचषकात पहिल्यांदा दिसलं ते याच सामन्यात. १९६६च्या इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात पंच जर्मन, बाहेर काढलेला कर्णधार रातीन स्पॅनिश बोलणारा. त्याला काढलंय हे त्याला पटवायलाच कित्येक मिनिटं गेली. त्यावरून केन ॲस्टन या इंग्लिश पंचाला वाहतुकीचे दिवे बघून रंगीत कार्डांची कल्पना सुचली. तेव्हा १९७०चा सामना ०-० म्हणून कुणी मोडीत काढला, तर मी म्हणेन थांबा. खेळ कंटाळवाणा असेल, पण पिवळं कार्ड आणि बदली खेळाडू या ज्या दोन गोष्टींवाचून आज सामन्याची कल्पना करता येत नाही, त्या जगाने त्या दुपारी पाहिल्या. २०१४मध्येही तेच. साओ पाउलोत जपानी पंच निशिमुरा यांनी गवतावर पांढरा फेस फवारून फ्री किकसमोरच्या बचावपटूंच्या भिंतीसाठी रेघ मारली आणि मिनिटाभरात ती विरूनही गेली. विश्वचषकात हा फवारा तेव्हा नवा होता. मुलं गोलांपेक्षा त्या फवाऱ्यावरच जास्त खूश!

आता येतो त्या सामन्याकडे, ज्यासाठी खरं तर मी आज उभा आहे. ८ जून १९९०, मिलान, सान सिरो. अर्जेंटिना विरुद्ध कॅमेरून.

अर्जेंटिना जगज्जेता, कर्णधार माराडोना. पण मैदान मिलानचं, आणि माराडोनाच्या नापोलीने त्याच मोसमात मिलानला मागे टाकून इटलीची लीग जिंकलेली. त्यामुळे प्रेक्षकांनी त्याला शिट्ट्या मारून हैराण केलं आणि बघता बघता सगळं मैदान कॅमेरूनचं झालं. कॅमेरून धसमुसळे खेळत होते, हे कबूल केलं पाहिजे. ६१व्या मिनिटाला काना-बियिकने अर्जेंटिनाच्या कानिजियाला पाडलं, लाल कार्ड. दहा जण उरले. आणि सहाच मिनिटांनी डावीकडून फ्री किक आली, कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू उंच उडाला. ओमाम-बियिक, म्हणजे नुकत्याच बाहेर गेलेल्या काना-बियिकचा भाऊ, हवेत झेपावला. झेपावला म्हणणं कमी आहे. तो वर गेला आणि तिथेच थांबला असं वाटतं. चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली तरी तसंच वाटतं. शेजारचा अर्जेंटिनाचा सेन्सिनी त्याच्या खांद्यापर्यंतही पोचत नाही. पण हेडर काही जबरदस्त नव्हता हो. चेंडू खाली आला, टप्पा पडला, सरळ गोलरक्षक पुम्पिदोच्या हाताशी. रोज सरावात शंभर वेळा धरावा असा. तो त्याच्या हाताखालून निसटला आणि रेषा ओलांडून गेला.

त्या निसटत्या चेंडूत मला मानाचं सगळं ओझं दिसतं. पुम्पिदो हा १९८६च्या अंतिम सामन्यात खेळलेला, जगज्जेता गोलरक्षक. त्याला चेंडू धरता येत नव्हता असं नाही.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असताना कानिजिया एकटा सुटला. पहिल्या कॅमेरूनी बचावपटूने पाय घातला, त्याच्यावरून उडी. दुसऱ्याने घातला, तोल गेला पण तोही चुकवला. मग आला मासिंग. त्याने चेंडूचा विचारच केला नाही. सगळं अंग घेऊन तो कानिजियावर आदळला, इतक्या जोराने की मासिंगच्या पायातला बूट निघून गेला. एका पायात नुसता मोजा, अशा अवस्थेत त्याला लाल कार्ड मिळालं. नऊ जणांनी उरलेला वेळ काढला. १-०.

पुढचं ऐका. कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, तिथे इंग्लंडशी जादा वेळेत ३-२ हरला. पुढच्या विश्वचषकात आफ्रिकेच्या दोन जागांच्या तीन जागा झाल्या. आणि अर्जेंटिना? पुम्पिदोचा पाय पुढच्याच सामन्यात मोडला, त्याच्या जागी गोयकोचेआ आला, आणि या बदली गोलरक्षकाने पेनल्टी अडवत अडवत संघाला अंतिम सामन्यात नेलं. तिथे मात्र अर्जेंटिनाचेच दोघे बाहेर काढले गेले आणि नऊ जणांनिशी ते १-०नेच हरले. नऊ जणांकडून हरून सुरुवात आणि नऊ जणांनिशी हरून शेवट.

१९९४बद्दल थोडक्यात. शिकागोत जर्मनीने बोलिव्हियाला १-० हरवलं. बोलिव्हियाचा लाडका एचेवेरी दुखापतीतून उठून शेवटी शेवटी मैदानात आला आणि तीन-चार मिनिटांत लाल कार्ड घेऊन परत गेला. त्याआधी उद्घाटन सोहळ्यात डायना रॉसने अगदी जवळून पेनल्टी मारली, ती बाहेर गेली, आणि चेंडू आत येईल म्हणून दुभंगायला ठेवलेला गोलचा सांगाडा ठरल्याप्रमाणे दुभंगला. पहिल्या सामन्याचं दडपण गायिकेलाही चुकलं नाही.

मग २००२, सोल. फ्रान्स जगज्जेता, वर युरोपचाही विजेता. आघाडीला आन्री आणि त्रेझेगे. झिदान मात्र मांडीच्या दुखापतीने बाहेर. समोर सेनेगल, विश्वचषकातला त्यांचा पहिलावहिला सामना. १९६०पर्यंत या देशावर फ्रान्सचं राज्य होतं, आणि संघातले जवळजवळ सगळे खेळाडू फ्रेंच क्लबांतच खेळणारे. म्हणजे फ्रान्सला समोरचे अनोळखी होते, ही सबबही नाही. तिसाव्या मिनिटाला सेनेगलच्या दियुफने डावीकडून मुसंडी मारली, आत आलेला चेंडू फ्रान्सचा पेती आणि गोलरक्षक बार्तेझ यांच्या गोंधळात सापडला, आणि पापा बूबा दियोपने जमिनीवर लोळता लोळताच तो आत ढकलला. मग त्याने शर्ट काढून कोपऱ्याच्या झेंड्याजवळ अंथरला आणि सगळे त्याच्याभोवती नाचले. मैदानाचा तेवढा तुकडा दोन मिनिटं सेनेगलचा झाला होता. फ्रान्सचा एक चेंडू खांबाला लागला, एक आडव्या दांडीला. साखळीतले तिन्ही सामने संपले तरी जगज्जेत्यांचा एकही गोल नाही.

त्यानंतर हा मान गतविजेत्यांकडून यजमानांकडे गेला. फ्रान्सला दया दाखवली असं नव्हे. २००६पासून गतविजेत्यांना थेट प्रवेशच उरला नाही, त्यांनाही पात्रता फेरी आली. यजमान मात्र नक्की असतात. यजमानांचं सुरुवातीला बरं चाललं. जर्मनीने कोस्टा रिकाला ४-२, रशियाने सौदी अरेबियाला ५-०. रशिया तेव्हा त्या स्पर्धेतला क्रमवारीत सगळ्यात खालचा संघ, आणि सौदी त्याच्या लगेच वर! मग २०२२मध्ये कतार. मुळात त्यांचा सामना पहिला नव्हताच. मान राहावा म्हणून तो ऐनवेळी एक दिवस अलीकडे आणला. तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरचा गोल झाला आणि ऑफसाइड म्हणून रद्द झाला. पुढे असलेल्या आक्रमकाच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे निदान दोघे लागतात; गोलरक्षक पुढे धावून आल्यामुळे मागे एकच बचावपटू उरला होता, ही मेख कॅमेऱ्यांनी पकडली. मैदानात बसलेल्यांपैकी फार थोड्यांना कळली असेल. पण एनर वालेन्सियाने पुढे दोन गोल केलेच. पहिल्या सामन्यात हरलेला यजमान कतारच्या आधी झाला नव्हता. उत्तरार्धात खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या.

सगळ्या यजमानांत माझं मन अडकतं ते २०१०च्या जोहान्सबर्गमध्ये. व्हुव्हुझेलांचा, म्हणजे प्लास्टिकच्या तुताऱ्यांचा, तो गुणगुणाट, आणि मंडेलांची जागा रिकामी. आदल्या रात्री त्यांची पणती मोटार अपघातात गेली होती. ५५व्या मिनिटाला यजमान दक्षिण आफ्रिकेच्या शाबालालाने डाव्या पायाने तिरका, वरच्या कोपऱ्यात असा काही गोल मारला की जणू इतके दिवस दाबून धरलेला श्वास सुटला. ७९व्या मिनिटाला मेक्सिकोच्या मार्केझने बरोबरी केली. आणि अगदी शेवटी लांबून आलेल्या चेंडूवर दक्षिण आफ्रिकेचा म्फेला एकटा पळाला, समोर फक्त गोलरक्षक, चेंडू मारला, आणि तो खांबाला लागून बाहेर आला. १-१.

२०२६च्या सोडतीत पहिल्या सामन्यासाठी चिठ्ठ्या निघाल्या त्या पुन्हा याच दोघांच्या, मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका. मैदान अझ्टेका, पुझाच मध्यंतराला बाकावरून उठून ज्या गवतावर उतरला, तेच.