कामोली: खोट्या खिडक्या आणि काथ्याचं जाळं

[कॅमेरा गोट्यांच्या किनाऱ्यावर. मागे उंच, रंगीत घरांची रांग.]

नमस्कार मंडळी! माझ्या मागे ती गेरूच्या रंगाची इमारत दिसतेय ना, तिचा चौथा मजला बघा. डावीकडून तिसरी खिडकी. हिरवी झडपं, भोवती दगडी चौकट, चौकटीच्या डोक्यावर नक्षी. दिसली? आता ती उघडून दाखवा मला. नाही उघडणार! खिडकीच नाहीये ती. गिलाव्यावर नुसता रंग आहे.

आपण आलोय कामोलीला. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, जेनोवापासून रेल्वेने पाऊणएक तास. वस्ती पाच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. स्पेलिंगमध्ये 'जी' दिसतो म्हणून 'कामोग्ली' म्हणू नका, तो 'जी' गिळायचा असतो. नावाबद्दल इथले लोक सांगतात की 'का' म्हणजे घर आणि 'मोली' म्हणजे बायका. पुरुष सगळे समुद्रावर, मागे उरल्या त्या घरवाल्या. घरवाल्यांचं गाव! भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती फारशी पटत नाही, पण ती का सुचली असेल ते पुढे कळेलच.

[कॅमेरा भिंतीच्या जवळ.]

आधी भिंत. दगडाची चौकट घडवायची तर पाथरवट हवा, दगड हवा, पैसा हवा. त्यापेक्षा रंगारी बोलवा आणि चौकट काढून घ्या. ही जेनोवाकडची जुनी युक्ती. नुसती चौकट नाही, चौकटीची सावलीसुद्धा काढलेली असते. आणि तिथेच चोरी पकडली जाते. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी ऊन समोरून, अगदी आडवं येतं. तेव्हा खऱ्या झडपांच्या सावल्या सरकतात आणि रंगवलेल्या सावल्या मात्र सकाळी होत्या तिथेच! मी काल तासभर इथे बसून हाच खेळ खेळलो. दोन खिडक्यांनी मला पार फसवलं. तिसरीतून एका आजींनी टॉवेल झटकला, तेव्हा ती तरी खरी निघाली.

आणखी एक गोष्ट बघा, कोकणातल्या माणसाच्या लगेच डोळ्यांत भरेल. घरं पाण्याच्या किती जवळ आहेत! आपल्याकडे भरतीची रेषा सोडूनच घर बांधतात. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी जेमतेम, त्यामुळे इथे माणसं थेट काठावर येऊन बसली. मागे लगेच डोंगर, म्हणून घरं आडवी न पसरता उभी वाढली. मागच्या वरच्या रस्त्याने एखाद्या इमारतीत शिरलात, तर तुम्ही तळमजल्यावर नसता. समुद्राच्या बाजूने मोजलं तर चांगले दोन-तीन मजले वर असता.

[चालत बंदराकडे.]

हे बंदर. छोटंसं. मासेमारीच्या होड्या, जाळ्यांचे ढीग, मांजरं. बघून वाटतं, बिचारे कोळी. पण थांबा! एकोणिसाव्या शतकात हे जहाजमालकांचं गाव होतं. 'हजार पांढऱ्या शिडांचं शहर' ही त्याची ओळख. क्रिमियाच्या युद्धात फ्रेंचांनी रसद वाहायला इथली जहाजं भाड्याने घेतली होती.

एवढा पैसा आला कुठून? एकट्या सावकाराकडून नाही. जहाजाची मालकी 24 भागांत वाटलेली असायची आणि एका भागाला म्हणायचे 'कारातो'. सोन्याचं 24 कॅरेट आठवलं? तोच शब्द, तोच हिशेब. कुणाचे दोन भाग, कुणाचा अर्धा. गावातल्या साध्या घराचीही कुठल्या ना कुठल्या शिडात गुंतवणूक. मग जहाज बुडालं तर? त्यावरही उपाय काढला. 1853 मध्ये मालकांनी मिळून आपलीच परस्पर विमा संस्था काढली. म्हणजे भिशीच्या धर्तीवरचा जहाजविमा! पुढे वाफेची जहाजं आली आणि शिडांचे दिवस सरले.

त्या काळाची भीती बघायची असेल तर वर बोस्केत्तोच्या देवळात जा. तिथे खलाशांनी नवस फेडायला दिलेली चित्रं आहेत. अशा चित्रांची ठेवण ठरलेली असते: काळा समुद्र, कललेलं जहाज आणि वरच्या कोपऱ्यात ढगांत येशूची आई मरियम. चित्रकला म्हणून सगळीच काही थोर नाहीत. पण दोर, डोलकाठी, फाटलेलं शीड मात्र चोख, कारण चित्र घेणाऱ्याला त्यातलं सगळं कळत होतं.

बाकीचं भराभर सांगतो. खडकावर उभा आहे तो द्रागोनारा किल्ला, शेजारी जुनं चर्च. हा भाग पूर्वी बेट होता, अजूनही त्याला 'इझोला', म्हणजे बेटच म्हणतात. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथे माशांची जत्रा भरते आणि चारएक मीटर व्यासाच्या कढईत मासे तळतात. 1952 पासून चालू आहे, गर्दी मरणाची. होडीने पुढे सान फ्रुत्तुओसोला गेलात तर तिथे जुना मठ आहे. तिथे गाडीरस्ताच नाही, होडीने जा नाहीतर पायी. तिथल्याच खाडीत 17 मीटर खोल पाण्यात 1954 मध्ये ठेवलेला ब्राँझचा येशू हात वर करून उभा आहे.

पण मला तुम्हाला दाखवायचंय ते हे.

[हातात जाळ्याचा तुकडा. अगदी जवळून.]

ओळखलंत? वास घ्या... म्हणजे मीच घेतो. काथ्या! नारळाचा काथ्या, इटलीत, जिथे नारळाचं झाड औषधाला सापडत नाही. इथे 'तोन्नारेल्ला' नावाचं माशांचं जाळं लावतात, पुंता क्याप्पा नावाच्या भूशिराच्या अलीकडे, वसंतापासून सप्टेंबरपर्यंत. आपल्या कोळ्यांच्या 'डोल' जाळ्यासारखं एका जागी बांधलेलं. पण डोलीत मासा भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर येतो, इथे तशी ओढच नाही. म्हणून किनाऱ्यापासून जाळ्याची एक भिंत आडवी घालतात. काठाकाठाने पोहणारा मासा भिंतीला अडतो, वळसा घालायला खोल पाण्याकडे वळतो आणि नेमका जाळ्याच्या खोलीत शिरतो. गेदरच्या कुळातले, बांगड्याच्या कुळातले मासे मिळतात. दिवसातून दोन-तीनदा माणसं होडीत उभी राहून हातांनी जाळं ओढतात.

नायलॉन का नाही? काथ्या खरबरीत, त्याच्यावर शेवाळ धरतं. शेवाळाला छोटे मासे येतात, छोट्यांमागे मोठे. आणि हंगाम संपला की हे जाळं उचलून घरी आणत नाहीत. कापून समुद्रातच सोडतात. ते तळाशी जातं, कुजतं, माशांचं खाणं होतं. अख्ख्या हंगामाचं जाळं गेलं! मग हिवाळ्यात काथ्याची नवी गुंडी उलगडतात आणि पुन्हा पहिल्या गाठीपासून विणायला बसतात.