टूं टूं टूं टीं

आजींनी दोनदा शाम्पू केलाय, जन्मभराचं तेल ते, एवढ्यानं थोडंच निघतंय? आणि तेल राहिलं की मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपणारा इलेक्ट्रोड कातडीला नीट लागत नाही, म्हणून कोल्हापुरातल्या ह्या खोलीत पहिलं काम केसांचं.

आता ही टोपी बघा, 32 इलेक्ट्रोड. प्रत्येक भोकातनं केस बाजूला सारायचे, बोथट सिरिंजनं जेल सोडायचं, हळू घासायचं, स्क्रीनवरचा विजेच्या अडथळ्याचा आकडा 5 किलोओहमच्या खाली आला की पुढचं भोक, नाही आला तर परत तेच. पाऊण तास. घाई केली की पुढचं सगळं वाया.

"आजी, डोळे मिचकावा." ही लाट डोळ्यांची हं, मेंदूची नाही, मेंदूची हिच्यापुढं अगदी बारकी असते.

कानात टूं, टूं, टूं, टूं... टीं. अर्ध्या सेकंदाला एक. पण आजींनी तिकडं लक्षच द्यायचं नाहीये, समोर टॅबवर कुस्ती लावलीय, आवाज बंद, लाल माती, दोन पैलवान, आजी त्यात गुंग. तरीपण मधेच वेगळा टीं आला की साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांत मेंदू दखल घेतो, न विचारता. 1978 मध्ये हेलसिंकीच्या रिस्टो नाटानेन आणि सहकाऱ्यांनी ही दखलेची लाट मांडली, नाव मिसमॅच निगेटिव्हिटी.

लाट असते काही मायक्रोव्होल्टची, आजूबाजूचा गोंधळ त्याच्या कितीतरी पट. म्हणून वीसेक माणसांची सरासरी काढतात आणि ग्राफ देखणा येतो, पण तो कुणाचा? त्यात आजी कुठं दिसतात? आम्हाला आजींचाच पाहिजे होता.

1000 आवाज झाले, काहीच धड दिसेना. चहा झाला. मग अजून 3000, कारण आवाज चौपट केले तेव्हा कुठं गोंधळ निम्मा होतो.

कोमातल्या पेशंटमध्ये ही लाट दिसली तर शुद्धीवर यायची आशा वाढते, पण नाही दिसली म्हणून आशा सोडायची नाही, धडधाकट माणसातही ती कधीकधी सापडत नाही.

आता टींचे दोन भाग केलेत, एक सोडून एक. निळी रेघ पहिल्या भागाची, लाल दुसऱ्याची. दोन्ही एकाच जागी वळतायत, बघा, म्हणजे हा नुसता गोंधळ नाही, आजींचीच लाट.

आजी म्हणतात, "मी तर काय ऐकलंच न्हाई बाई."