नव्या डांबराखालची जुनी भेग

श्रोतेहो, नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीतल्या जुन्या सिमेंटच्या रस्त्यावर मागच्या चैत्रात डांबराचा नवा थर पडला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका घरोघरी निघाल्या, तोवर त्यावर आडव्या, सरळ भेगा उमटल्या होत्या. मी पावलांनी मोजलं. दर सहा पावलांवर एक! खालच्या सिमेंटच्या स्लॅबचे सांधेच वर आले होते. ठेकेदारानं डांबर खाल्लं, असं सगळे म्हणाले. मला तसं वाटत नाही. पुरेसं डांबर घालूनही या भेगा पडल्या असत्या. मी आयुष्यभर रस्तेबांधणी शिकवली, म्हणून हे खात्रीनं सांगतो.

साडेचार मीटर लांबीचा स्लॅब घ्या. तापमान १७ अंशांनी उतरलं, की तो साधारण पाऊण मिलिमीटर आखडतो. जानेवारीत ग्वाल्हेरची दुपार आणि पहाट यांत जवळपास एवढाच फरक पडतो. सांधा पाऊण मिलिमीटर उघडतो आणि त्यावर चिकटलेल्या थराला नेमक्या तेवढ्याच जागी ताणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात वाहनांची भर. चाक सांध्याशी येतं तेव्हा एक कड दबते, मधोमध आल्यावर थर वाकतो, पलीकडे गेलं की दुसरी कड दबते. एका चाकाचे असे तीन घाव. भेग तळापासून वर चढते, म्हणून दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ती किती दिवसांत वर येईल, याचा हिशेब मांडता येतो. त्याचं मूळ सूत्र १९६३ साली पॉल पॅरिस आणि फाझिल एर्दोगान या अभियंत्यांनी धातूंसाठी दिलं. भेगेच्या टोकाशी ताणाची तीव्रता जितकी जास्त, तितकी ती प्रत्येक फेरीत पुढे सरकते, पण सरळ प्रमाणात नाही. घातांक ४ धरला, तर तीव्रता दुप्पट झाल्यावर वेग सोळापट होतो. पुढे टेक्सासच्या संशोधकांनी हे सूत्र डांबराला लावलं. तिथे एक चाचणीही आहे: नमुना दोन पट्ट्यांवर चिकटवायचा, दर १० सेकंदांना ०.६३५ मिलिमीटर ताणून परत आणायचा आणि किती फेऱ्यांत तुटतो ते मोजायचं.

पण ही चाचणी २५ अंशांवर होते. आमची जानेवारीतली पहाट सात-आठ अंशांवर असते. पाक गरम असताना चिक्की हवी तशी लाटता येते, गार झाली की कटकन तुटते. डांबराचंही तसंच. शिवाय उन्हाळ्यातल्या उष्णतेनं आणि हवेनं ते दर वर्षी आणखी कडक होत जातं. मे महिना भेग पाडत नाही, पण भेगेची तयारी करून ठेवतो.

आपल्याकडे डांबराची प्रत सात दिवसांच्या सरासरी कमाल तापमानावरून ठरते. ३८ ते ४५ अंशांना व्हीजी-३० ही प्रत, त्यावर अधिक घट्ट व्हीजी-४०. रस्त्याला चाकोऱ्या पडू नयेत म्हणून हे योग्यच आहे. मात्र जुन्या भेगांवर थर टाकताना पहाटेची थंडीही विचारात घ्यायला हवी, हे माझं ठाम मत आहे. आधी सांधे साफ करून भरावेत. मध्ये ताण सोसणारा मऊ पट्टा घालावा. वरच्या थरात पॉलिमर किंवा जुन्या टायरचा चुरा मिसळलेलं डांबर वापरावं. यानं भेग कायमची थांबत नाही, पण तिचं वर येणं लांबतं.

परक्या हवामानात बसवलेलं सूत्र इथे तसंच चालत नाही. त्यातले आकडे इथल्या रस्त्यांवरच्या नोंदींवरून बसवावे लागतात आणि अशा नोंदी तुम्हीही ठेवू शकता. तुमच्या दारासमोर अर्ध्या रस्त्यापर्यंत आलेली आडवी भेग असेल, तर तिच्या टोकाशी ऑइलपेंटनं बारीक खूण करून तारीख लिहा. होळीपर्यंत दर रविवारी भेग जिथवर पोचली असेल तिथे नवी खूण करा, आणि त्या दिवशी पहाटे थंडी किती होती तेही वहीत टिपून ठेवा.