आधी जुने प्लग बघू

फियाट ११०० डिलाइट, १९६९ सालची. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात तयार झालेली. आज ती कुर्ल्यातच, आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, बॉनेट उघडून उभी आहे. चढ आला की मिसिंग मारते, म्हणजे इंजिन मध्येमध्ये अडखळतं, एवढीच तक्रार.

मालकांनी नवे स्पार्क प्लग आणलेत, सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीने पेटवणारे. मिस्त्री खोका बाजूला ठेवतात.
"साहेब, आधी जुने बघू."

इंजिन रात्रभर थंड झालंय. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गरम असताना जोर लावला तर प्लगबरोबर आटेही बाहेर येतात. वायर ओढायची नाही, टोपी धरून काढायची. वायरींवर खडूने नंबर टाकलेत, कारण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी कार्बोरेटरमधून फटाके फोडते.

आता हवेचा झोत. प्लगच्या खाचेत साठलेली माती आधी उडवायची, नाहीतर प्लग निघाल्याबरोबर ती सिलिंडरमध्ये जाते. मग टी-पाना. अर्धा आटा सैल, थांबायचं, पुन्हा अर्धा.

चारही प्लग वर्तमानपत्रावर, नंबराप्रमाणे.

पहिला बघा. टोक बिस्किटी रंगाचं, कोरडं. असाच हवा. दुसराही तसाच. तिसऱ्यावर मखमली काजळी आहे, बोटाने पुसली जाते. पेट्रोल जास्त जातंय किंवा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा) ओढलेला राहतो. मालक हसतायत, म्हणजे चोकच.

पण एकट्या चोकने चारही काळे झाले असते, म्हणून मिस्त्री तिसऱ्याची वायरही तपासतात. टोपीत गंज आहे. करंट पुरता पोचत नव्हता.

चौथा ओला. बोटावर तेल येतं. पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजून तेल आत येतंय. कधीतरी इंजिन उघडावं लागेल.

नवा प्लग खोक्यातून आला तसा बसवायचा नसतो. फट मोजायच्या फिलर गेजची ०.६ मिलिमीटरची पट्टी दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीत सरकवली. जरा घासत जायला हवी, इथे सैल जातेय. बाहेरचा इलेक्ट्रोड हलकेच ठोकून आत घेतला. मधल्याला हात लावायचा नाही, पोर्सलीन तडकतं. आजच्या गाड्यांतली एक मिलिमीटरच्या आसपासची फट इथे चालत नाही. पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा स्विच) आणि जुन्या कॉइलच्या करंटला ती झेपत नाही.

आणि हे बघण्यासारखं आहे. प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या रबरी पाइपचा तुकडा चढवलाय. त्यानेच प्लग फिरवत आत घालायचा. आटे तिरके लागले तर पाइप नुसता घसरतो, हेड वाचतं. पाना शेवटी, नवं वॉशर दबेपर्यंत, पुढे नाही.

५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. हा रबरी तुकडा मात्र कुठल्याच नियमात नाही. तो मिस्त्रींच्या खिशात असतो.

चोक ओढला. स्टार्टर. दुसऱ्या फिरकीत इंजिन लागलं.

जुन्यातले दोन चांगले प्लग पेट्रोलमध्ये धुऊन डिकीत ठेवले. मिस्त्रींचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे: दर रविवारी गाडी जागेवरच पाच मिनिटं सुरू करून बंद करणं. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांवर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. उभ्या गाडीत ते तेवढं तापतच नाही, वर चोक. मग नवे प्लगही काळे.

"सुरू केलीत ना, मग ठाण्यापर्यंत जाऊन या. आणि चोक आत ढकला."