कानातला वाटाड्या

मंडळी, मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली बारा सत्कारात गेली. नारळ मात्र चांगला आहे, हलवून बघितला. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘आपल्या गावाची श्राव्य सफर : का आणि कशी’. मी आपला ऑडिओ टूरच म्हणतो. पाहुणा फोनवर आवाज लावतो, कानात बोंडं घालतो आणि आपला आपण गाव फिरतो. पाहिजे तिथे थांबतो, कंटाळला की बंद करतो. मला एकतीस वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाला ही सोय देता आली नाही.

आज पाहुणा विजयदुर्गात येतो, तटावर फोटो काढतो, सुरमईचं ताट जेवतो आणि मालवणची वाट धरतो. गिर्येच्या रामेश्वराकडे उतरणारी कातळातली वाट त्याला दिसत नाही. वाघोटणच्या खाडीकाठी खडक तासून केलेली आंग्र्यांची गोदी त्याला कुणी दाखवत नाही. दाखवली तरी तो म्हणतो, ‘हा खड्डा कसला?’ कारण खड्डा बोलत नाही. त्याला बोलतं करायचं, एवढाच माझा खटाटोप.

पहिला प्रयोग फसला, तो आधी सांगतो. शहरातल्या एका स्टुडिओकडून ध्वनिमुद्रण करून घेतलं. आवाज असा भारदस्त, की आमच्या पाणंदीत राज्याभिषेक चाललाय असं वाटावं. मागे तुतारी आणि ढोल. ‘वाघोटण’चं त्या गृहस्थांनी ‘वाघाटन’ केलं, म्हणजे वाघ पर्यटनाला निघाला. (हशा) आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मीच दिलेल्या मजकुरात हेलियम होता.

आता हेलियमवर बोललंच पाहिजे. घड्याळ बघू नका.

किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ तुम्हाला ठाऊक आहेत. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, लॉक्यर नावाच्या साहेबाने या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला, हे इथे शाळेपासून सांगतात. सांगतात कसले, मीच सांगत होतो! भौतिकशास्त्र शिकवणारा मी, वर्षानुवर्षं पोरांना ओट्यांवर बसवून फोटो काढले. मग निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि वाचायला बसलो. ग्रहण खरं. खग्रास पट्टा आपल्या किनाऱ्यावरूनच पूर्वेला गेला, तेही खरं. पण ते बघायला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सन त्या दिवशी गुंटूरला होता, आणि हर्शेल घराण्यातला लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. लॉक्यर? तो इंग्लंडात होता. हेलियमची खूण म्हणजे सूर्याच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा. ती त्याने पाहिली ऑक्टोबरात, आपल्या घरच्या दुर्बिणीतून, ग्रहण नसताना. सोडियमच्या रेषांजवळची, पण त्यांच्याशी न जुळणारी. तेच तर त्याचं कर्तृत्व. तो हिंदुस्थानात ग्रहण बघायला आला १८७१ साली, आणि तेही दूर केरळच्या किनाऱ्यावर, बेकलला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रॅमझेला. तेव्हा माझा आक्षेप ओट्यांना नाही, लॉक्यरच्या तिकिटाला आहे.

आणि कागद सोडा हो. ऑगस्टातली अठरा तारीख. श्रावण-भाद्रपदातला पाऊस. तुमच्यापैकी कितीजणांनी त्या दिवसांत विजयदुर्गात सबंध सकाळ सूर्य पाहिलाय? (एक हात वर.) तुम्ही मुंबईला राहता ना? (हशा)

हे मी आमच्या वाडीतल्या एका आजींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मगे आमच्या आजोबांनी काय खोटा सांगितल्यानी?” मला उत्तर सुचलं नाही. तीन दिवस सुचलं नाही. कारण आजोबा खोटं बोलले नव्हते. त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. एखादा साहेब तिथे बसलाही असेल, नावाची चिठ्ठी पुढच्या लोकांनी चिकटवली. मी गोष्टच कापून टाकली, तर ते ओटे पुन्हा नुसते दगड होणार. तशीच ठेवली, तर मी गुन्हेगार.

तेव्हा आम्ही दोन आवाज केले. एक आवाज ‘म्हणतात’चा. तो आजींचा, मालवणीतून, “साहेबान हयच बसान सूर्य बघल्यान.” दुसरा आवाज ‘कागदा’चा. तो अकरावीतल्या एका मुलीचा, जी आजींचं बोलणं संपल्यावर नम्रपणे म्हणते, ‘नोंदी वेगळं सांगतात.’ पाहुण्याने दोन्ही ऐकावं. गोष्ट गावाची, तारीख कागदाची. माझं सगळं व्याख्यान खरं तर एवढंच आहे, पण पत्रिकेत ‘कशी’ही छापलंय.

‘कागदा’चा आवाज सगळ्यात अवघड जातो तो १७५६ च्या थांब्यावर. फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह इथे आले, तुळाजी आंग्र्यांवर. जमिनीवरून त्यांच्या जोडीला कोण होतं? पेशव्यांची फौज. तोफांच्या माऱ्यात एक जहाज पेटलं, आणि एकमेकांना बांधून ठेवलेली आंग्र्यांची गुराबं, म्हणजे लढाऊ गलबतं, एकापाठोपाठ एक जळाली. मराठ्यांचं आरमार, मराठ्यांच्या संमतीने. त्याच वर्षी किल्ला पेशव्यांना परत मिळाला, बदल्यात इंग्रजांना बाणकोट गेलं. आमच्या समितीत दोन बैठका याच वाक्यावर मोडल्या. ‘कशाला उकरायचं?’ म्हणणारे आणि ‘सांगा’ म्हणणारे. सांगितलं. तुतारी मात्र काढली.

चिठ्ठी आली. (अध्यक्षांकडे पाहून) पाच मिनिटं? बरं, तीन.

तर ‘कशी’. पळत सांगतो. किल्ला संरक्षित स्मारक आहे, तटाला खिळा ठोकायचा नाही. क्यूआर कोडची पाटी बाहेर चहाच्या टपरीवर लावा. नेटवर्क तिथेच येतं, चहा होईपर्यंत फाईल उतरवून घेता येते. पुढे खाडीच्या अंगाला फोन निव्वळ घड्याळ असतो. फ्लेक्स नको, खारा वारा एका पावसात त्याचं फडकं करतो. एनॅमलचा पत्रा टिकतो.

एक थांबा दोन मिनिटांच्या आत. मुद्रण फोनवरच करा, माईकवर पायमोजा चढवा, वारा कमी येतो. धुतलेला चढवा.

वाट सांगताना झाडावर विसंबू नका. ‘मोठ्या फणसाकडून डावीकडे’ असं आम्ही २०२१ च्या उन्हाळ्यात लिहिलं होतं. मेमध्ये तौक्ते वादळ आलं. फणस गेला, डावीकडे राहिली. देऊळ, विहीर, जांभ्याचा गडगा, हे सांगा. आणि कुणाच्या खळ्यातून वाट जात असेल तर आधी त्या घरी विचारा. पापड वाळत घातलेत तिथे पाहुणे नकोत.

गोदीची वेळ सांगायलाच हवी, कारण ती बघायची ओहोटीला. आपलं जुनं गणित ध्वनिमुद्रणात घाला : तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पाहुण्याला तिथी माहीत नसते, तेव्हा ती कुठे बघायची तेही सांगा. टपरीवर कॅलेंडर टांगलेलंच असतं.

आवाज निवडताना चांगला आवाज शोधू नका, ज्याची ती जागा आहे त्याचा घ्या. खलाश्याचा होडीवर, गुरवाचा देवळात. वाक्य अडखळलं तर राहू द्या. मालवणी कळणार नाही अशी भीती घालतात, ती फुकाची. दोन ओळी कळल्या नाहीत तर पाहुणा टपरीवर विचारतो, आणि तिथे बसलेला आपला माणूस अर्धा तास सोडत नाही.

आता उठतोच. पण ओट्यांची फाईल ऐकवू द्या, दीडच मिनिट. अध्यक्षमहाराज, तुमच्या चिठ्ठीपेक्षा लहान आहे. मागे ऐकू येतंय ना? मध्ये कोंबडा आरवतो. तो आजींचाच आहे, काढायला त्यांनी परवानगी दिली नाही.