मारुतीला मारुतीची प्रदक्षिणा

नमस्कार श्रोतेहो. दुपारची जेवणं उरकली असतील. हात पुसा, रेडिओचा आवाज थोडा वाढवा. आज गाडीबद्दल बोलायचंय. कुठली गाडी, असं आमच्या वयाच्या माणसाला विचारावं लागत नाही. मारुती आठशे.

आपल्याकडे मारुती म्हटलं की आधी शेंदूर आठवतो. गावाच्या वेशीवर, पारावर, तालमीत. उत्तरेतली माणसं हनुमान म्हणतात, आपल्या तोंडात मारुतीच बसलाय. त्यामुळे ही गाडी नवी आली तेव्हा भाषेची मोठी पंचाईत झाली. आमच्या आजीला कुणीतरी सांगितलं, डॉक्टरांनी मारुती आणली. आजी म्हणाली, "आणली काय म्हणतोस? आणला म्हण. आणि बसवला कुठं?" देव असेल तर तो मारुती, गाडी असेल तर ती मारुती, एवढं व्याकरण आजीच्या गळी उतरवायला वर्ष गेलं.

त्याआधी देशात गाड्या होत्या किती? दोन म्हणा. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी अँबेसेडर, आणि आपल्या कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. कुर्ल्याचा कारखाना ज्यांच्या कंपनीचा, ते वालचंद हिराचंद मूळचे आपल्या सोलापूरचे. अख्ख्या देशात वर्षाला चाळीसेक हजार मोटारी खपायच्या. पैसे भरायचे आणि वाट बघायची. स्कूटरचं तेच. आमच्या वडिलांच्या स्कूटरच्या नोंदणीची पावती पत्र्याच्या ट्रंकेत, जन्मपत्रिकांच्या खाली होती. पत्रिका जुळून लग्नं झाली, पोरं झाली, स्कूटर काही आली नाही. पण त्यांना त्याचा राग नव्हता. वाट बघण्याची सवय हा एक गुणच होता असं माझं मत आहे. आता नातवाला दहा मिनिटांत घरपोच भेळ लागते, आणि अकराव्या मिनिटाला तो कुणाला तरी फोनवर ओरडत असतो. असो.

मारुतीची हकिगत थोडक्यात सांगतो. स्वस्त भारतीय गाडी काढायची म्हणून संजय गांधींनी १९७१ साली कंपनी काढली. गाडी काही रस्त्यावर आली नाही, १९७७ नंतर कंपनी बुडाली. जून १९८० मध्ये विमान अपघातात संजय गांधी गेले. त्याच वर्षी सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग या नावानं नवा डाव मांडला. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव ही त्यातली मोठी नावं. आता जोडीदार हवा होता. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा वाटा २६ टक्के, बाकी सरकारचा. कारखाना गुडगावला. तिथं साहेब आणि कामगार एकाच रंगाचा गणवेश घालायचे आणि एकाच कॅन्टीनमध्ये जेवायचे. हे ऐकून आमच्याकडच्या एका साहेबांनी तीन दिवस मान हलवली होती.

आणि मग १४ डिसेंबर १९८३. तारीख लक्षात ठेवा, १४ डिसेंबर, संजय गांधींचा जन्मदिवस. त्या दिवशी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं आणि त्यांनी घरची फियाट विकून ही गाडी घेतली. किंमत ४७,५०० रुपये. पुन्हा सांगतो, सत्तेचाळीस हजार पाचशे. ही गाडी त्यांनी २०१० साली स्वतः जाईपर्यंत विकली नाही. पुढे कंपनीनं ती नीटनेटकी करून आपल्या मुख्यालयात ठेवली.

गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणून आठशे. तीन सिलिंडर. जुने मिस्त्री बॉनेट उघडून हसायचे, म्हणायचे, हे शिलाई मशीन कुणी बसवलं? पण ते शिलाई मशीन थंडीत चोक ओढला की सुरू व्हायचं, आणि घाटात तापून वाफा सोडत उभं राहायचं नाही. चाकं बारा इंची. वजन साडेसहाशे किलोच्या आत-बाहेर. हा आकडाही लक्षात ठेवा, साडेसहाशे किलो. अँबेसेडर अकराशेच्या वर जायची. हे वजन मी का सांगतोय ते आता कळेल, कारण मला खरं सांगायचंय ते आमच्या अण्णांच्या गाडीचं.

अण्णा म्हणजे माझे काका. वाळवा तालुक्यात हायस्कूलला गणिताचे मास्तर. १९९४ साली त्यांनी चार वर्षं वापरलेली पांढरी मारुती घेतली. गावातली दुसरी गाडी. पहिली डॉक्टरांची. गाडी चालवायला अण्णांना शिकवलं ते साखर कारखान्याच्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरनं, कारखान्याच्याच मोकळ्या मैदानात. पहिल्या दिवशी क्लच, दुसऱ्या दिवशी गिअर, तिसऱ्या दिवशी वळणं. चौथ्या दिवशी रिव्हर्स शिकवायचा होता. पण चौथ्या दिवशी कारखान्यात मोळी पडली, गळीत हंगाम सुरू झाला आणि गुरुजी ट्रॅक्टर घेऊन ऊस ओढायला गेले ते गेलेच. लायसन कसं मिळालं ते विचारू नका.

तर अण्णांना रिव्हर्स येत नव्हता. आणि मास्तर माणूस, तीन दिवसांत तयार झालो असं गावभर सांगून बसलेला, आता विचारणार कुणाला? घरात आम्हाला सांगायचे, "गाडी पुढं जायला घेतलीय. मागंच जायचं असतं तर सायकल काय वाईट होती?" पण रोज गाडी वळवायची कशी? आमची गल्ली संपते तिथं मारुतीचं देऊळ आहे आणि देवळाभोवती मोकळी जागा. अण्णा गाडी सरळ देवळापर्यंत न्यायचे, देवळाला पूर्ण फेरा घालायचे आणि तोंड फिरवून परत दारात आणून लावायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. गाववाले म्हणायला लागले, मास्तर भारी भाविक निघाले, गाडीतून सुद्धा प्रदक्षिणा चुकवत नाहीत. पुजारी शनिवारी घरी नारळ पाठवायला लागला. अण्णांनी तो नारळ कधी नाकारला नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग आमच्या बाळूदादाचं लग्न ठरलं. माघ महिना, गोरज मुहूर्त, मुलीचं गाव बारा किलोमीटरवर. वऱ्हाड टेम्पोनं पुढं गेलं आणि नवरदेव अण्णांच्या गाडीत. पुढं अण्णा आणि बाळूदादा, मुंडावळ्या, फेटा, सगळं चढवून. मागं आजी, दोन आत्या, करवली आणि आम्ही तीन पोरं मांडीवर. मारुतीत पाच माणसं बसतात असं कागदावर लिहिलेलं असतं. कागदावर काय, काहीही लिहिलेलं असतं.

डांबरी रस्त्यानं वळसा पडतो म्हणून अण्णांनी पाटाच्या कडेची वाट धरली. एका बाजूला पाटाचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. वाट एका गाडीपुरती. अर्ध्यात पोचलो आणि समोरून उसाची बैलगाडी. गच्च भरलेली, वाढं जमिनीला घासतंय. दोघंही थांबले. गाडीवान खाली उतरला, अदबीनं म्हणाला, "मास्तर, गाडी मागं घ्या. पन्नास पावलांवर जागा हाय."

अण्णा म्हणाले, "तूच घे मागं."

"मास्तर, भरल्या गाडीचं बैल मागं चालत न्हाईत."

अण्णांनी काच आणखी थोडी खाली केली आणि हळूच म्हणाले, "मी पण."

गाडीत शांतता. दोन वर्षांचं गुपित तिथं पाटावर फुटलं. बाळूदादाला चालवता येत नव्हतं, गाडीवानाला येत नव्हतं, आत्यांचा प्रश्नच नव्हता. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. गोरज मुहूर्ताला अर्धा तास.

शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. बीडकडची माणसं. गाडीवानानं हाक मारली, आठ जण कोयते ठेवून आले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांचा मुकादम म्हणाला, "ही काय, उचलून ठेवू की कडंला." तोडलेल्या उसाचं रान वाटेला लागूनच होतं. अण्णांमधला गणिताचा मास्तर लगेच जागा झाला. आठ हे, नववा गाडीवान, दहावा नवरदेव. साडेसहाशे भागिले दहा, पासष्ट. प्रत्येकाला सिमेंटचं सव्वा पोतं. जमेल! सगळे उतरा!

सगळे उतरलो. आजी उतरेना. म्हणाली, "लग्नाला निघालेल्या माणसानं वाटेत पाय टाकू नये." खरं कारण गुडघे, ते सगळ्यांना माहीत होतं. अण्णा काकुळतीला आले, "आई, उतर, भागाकार चुकतोय!" आजी ढिम्म. शेवटी तो मुकादम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. म्हातारीचं वजन ते काय. दोन मोळ्या जास्तीच्या समजू."

आणि मग बोला बजरंग बली की जय! आधी पुढची चाकं उचलून कडेला, मग मागची, पुन्हा पुढची. चार दमांत गाडी वाटेवरून रानात. आजी आत दोन्ही हात जोडून बसलेली, पालखीत बसल्यासारखी. बैलगाडी खडखडत निघून गेली. मग तीच पालखी पुन्हा चार दमांत वाटेवर. बाळूदादाचा फेटा सुटला, मुंडावळ्या खिशात, नवं धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेलं. मांडवात शिरलो तर मुलीचे मामा विचारतात, "नवरदेव फडातून आले का?" सांगली जिल्हा आमचा, त्यांना कुस्तीचा फड म्हणायचा होता. आम्ही उसाच्या फडातून आलो होतो. दोन्ही अर्थानं उत्तर हो होतं.

भटजींनी मुहूर्त थोडा ताणला. आणि बाळूदादानं त्या तोडकऱ्यांना वाटेतच आमंत्रण दिलं होतं, ते आठही जण रात्री हातपाय धुऊन आले आणि पहिल्या पंगतीला नवरदेवाच्या समोर बसले. पंगतीला, बरं का. ताट हातात धरून उभ्यानं खाण्याचा तो बुफे तेव्हा आमच्याकडे आला नव्हता, आणि आता आलाय तो मला मान्य नाही. माणूस जेवताना बसलाच पाहिजे. जिलबी वाढणारा आग्रह करणार कुणाला, पाठीला? पण हा विषय वेगळा, त्याच्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

मुद्दा वजनाचा होता. साडेसहाशे किलो. अँबेसेडर असती तर लग्न दुसऱ्या दिवशी लागलं असतं.

वेळ थोडा उरलाय. मारुती आठशेचा चेहरा १९८६ साली बदलला, पुढे कार्ब्युरेटर आणि चोक जाऊन नव्या पद्धतीचं इंजिन आलं. एप्रिल २०१० मध्ये प्रदूषणाचे कडक नियम तेरा शहरांत लागू झाले आणि तिथं ही गाडी विकणं बंद झालं. त्यात मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूरही होतं. शेवटची मारुती आठशे १८ जानेवारी २०१४ ला कारखान्यातून बाहेर पडली. तीस वर्षांत २५ लाखांहून जास्त गाड्या.

अण्णांची त्याच्या आधीच गेली. २००९ साली त्यांनी ती दूधवाल्याला दिली. तो मागची सीट काढून दुधाचे कॅन ठेवणार होता. व्यवहाराच्या दिवशी मी तिथंच होतो. दूधवाल्यानं टायर दाबून पाहिले, चोक ओढून पाहिला, ॲव्हरेज किती देते ते विचारलं. अण्णा म्हणाले अठरा, कधी वीस. मग त्यानं विचारलं, "मास्तर, गिअरबॉक्स कसाय? पंधरा वर्षं वापरलाय तुम्ही."

अण्णा म्हणाले, "पुढचे चार वापरलेत. रिव्हर्स अगदी नवा आहे."