ओट्यावरची धार

(नौपाड्यातलं स्वयंपाकघर. सकाळचे साडेआठ.)

जांभळी नाक्यावरून आणलेले टोमॅटो चांगले पिकलेत. आई सुरी ठेवते, दाबते. साल आत जाते, पण चिरत नाही. आणखी जोर लावला की बिया ओट्यावर उडतात आणि सुरी घसरते. गेल्या महिन्यात अशीच घसरली ती थेट आईच्या अंगठ्यावर. दोन टाके पडले. त्या दिवसापासून घरातल्या सुऱ्यांची धार मी मनावर घेतली.

बोथट सुरीला जोर जास्त लागतो, आणि जोर लावलेला हात सुटला की आवरत नाही. कांदाही ती चिरण्यापेक्षा चिरडते जास्त, म्हणून डोळ्यांची आगही जास्त होते.

(सायकलवरचा धारवाला. फिरतं चाक, ठिणग्या.)

पूर्वी धारवाल्याची हाक आली की आम्ही सगळ्या सुऱ्या घेऊन खाली धावायचो. त्याच्या हातात कसब आहे. पण कोरड्या चाकावर पातळ पातं जास्त वेळ टेकलं, तर कड तापून निळसर पडते आणि तिथलं पोलाद मऊ होतं. शिवाय टोमॅटो रोजचा, धारवाला कधीमधी येणारा.

(भांड्यांचं दुकान. काउंटरवर मांडलेली साधनं.)

ही लांब, दांडीसारखी सळई. बरेच जण हिलाच शार्पनर समजतात. वापरून वापरून दुमडलेली कड ती सरळ करते, पण पुरती गेलेली धार तिच्याने परत येत नाही.

हा दगड. एक बाजू खरबरीत, एक मऊ. धार सगळ्यात सुंदर लागते ती यावरच. सुरी साधारण 20 अंशांत धरायची. उभी सुरी म्हणजे 90, त्याचं निम्मं 45, त्याचंही निम्मं केलं की जवळपास पोहोचलो. पण तोच कोन शेवटपर्यंत टिकवायला हात बसावा लागतो. मी रविवारी निवांत बसते दगड घेऊन. सांधे धरलेल्या आईला हे सांगणं बरोबर नाही.

तिच्यासाठी मी घेतला तो हा, दोन खाचांचा शार्पनर. कोन खाचेतच ठरलेला असतो.

(खाचांचं जवळून दर्शन.)

पहिल्या खाचेत कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहूनही कडक पदार्थाच्या, दोन पट्ट्या एकमेकींना छेदून बसवल्यात. त्या पोलाद अक्षरशः खरवडतात. ओढल्यावर खाली बघा, केसासारखा चुरा पडलेला दिसेल. तो तुमच्या सुरीचा आहे. म्हणून ही खाच पार बोथट सुरीसाठी, तीही तीन-चार वेळाच. दुसऱ्या खाचेत पांढऱ्या सिरॅमिकच्या कांड्या आहेत, त्या बारीक घासतात. दर आठवड्याला आईला हीच पुरते.

घेताना मी आधी शार्पनर उलटा करून बघते. तळाला जाड रबर हवं, नाहीतर ग्रॅनाइटच्या गुळगुळीत ओट्यावर तो पळतो. मग मूठ. ती आईच्या मुठीत मावली पाहिजे, आणि बोटं पात्याच्या वाटेत येता कामा नयेत. विजेवर चालणारेही मिळतात, पण दोन-तीन सुऱ्यांच्या घरात मला त्यांची गरज वाटत नाही.

(आईचे हात.)

मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, स्वतःकडे ओढायचं. पुढेमागे घासायचं नाही. दाबायचंही नाही, सुरीचं वजनच पुष्कळ आहे. मग ओल्या फडक्याने पातं पुसून धुवायचं, कारण तो चुरा कोशिंबिरीत जायला नको. पावाची दातेरी सुरी यात घालू नका, दात झिजतात. महागडी जपानी सुरी असेल तर तिच्यासाठी दगडच. तिचं पोलाद कडक, धार जास्त निमुळती, कार्बाइडने टवके उडतात. आपल्या रोजच्या स्टीलच्या सुऱ्या मऊ असतात. लवकर बोथट होतात, पण धारही लवकर धरतात.

आणि धार लावलेली सुरी स्टीलच्या ताटात चिरायला घेतली, की केलेलं सगळं वाया. लाकडी पाट वापरा.

(पुन्हा टोमॅटो.)

आई सुरी नुसती टेकवते आणि ओढते. चकती पाटावर आडवी पडते. एकही बी सांडत नाही. ती दुसरी कापते, उजेडात धरून बघते.

कोपऱ्यातली विळी मात्र या खाचेत जात नाही. बाक असलेलं पातं, तेही पाटाला जोडलेलं. ती आईने धारवाल्यासाठी काढून ठेवलीय.